इग्नेशियसची सात पत्रं आणि एक न जुळणारं अवतरण

"लिटरेचर रिव्ह्यू करताना कुठल्या पेपरवर विश्वास ठेवायचा, हे कसं ओळखायचं?" हा प्रश्न मला पेटची तयारी करणाऱ्यांकडून सतत येतो. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे उत्तर माझ्या विषयातून द्यायला हवं. पण या प्रश्नाचं मला पटलेलं सर्वांत चांगलं उत्तर सापडलं ते इतिहासात, एका कैद्याच्या पत्रांमध्ये. म्हणून आज प्रयोगशाळा बाजूला ठेवू आणि एकोणीसशे वर्षं मागे जाऊ. (गावांची नावं मराठी बायबलमध्ये आहेत तशी घेतली आहेत.)

माणूस आणि त्याचा प्रवास

इग्नेशियस हा अंत्युखियाचा बिशप, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख. अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. तेव्हा ते रोमन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक आणि सीरिया प्रांताची राजधानी होतं. चौथ्या शतकात चर्चचा पहिला सविस्तर इतिहास लिहिणारा युसेबियस त्याला अंत्युखियाचा दुसरा बिशप म्हणतो आणि त्याचा मृत्यू सम्राट त्राजानच्या काळात, म्हणजे इ. स. ९८ ते ११७ च्या दरम्यान टाकतो.

त्याचा जन्म, घरदार, शिक्षण यांबद्दल विश्वासार्ह अशी एकही नोंद नाही. तो आपल्याला पहिल्यांदा दिसतो तोच साखळदंडात. त्याला शिक्षा झालेली आहे आणि रोमला नेऊन जनावरांपुढे सोडायचं ठरलेलं आहे. सोबत दहा शिपाई. तो त्यांना दहा बिबटे म्हणतो. जितकं चांगलं वागावं तितके ते जास्त वाईट वागतात, अशी त्याची तक्रार आहे.

हा ताफा आशिया मायनर ओलांडत स्मुर्णा शहरात थांबला (आजचं इझमिर). तिथला तरुण बिशप पॉलिकार्प त्याला भेटला. आजूबाजूच्या गावांमधूनही लोक आले: इफिसहून अनेसिम, मॅग्नेशियाहून दामास, त्राल्लिसहून पॉलिबियस. या तिन्ही मंडळींना इग्नेशियसने एकेक पत्र लिहिलं आणि चौथं पत्र पुढे रोमला धाडलं. रोमच्या पत्रावर तारीख आहे, रोमन पंचांगानुसार २४ ऑगस्ट. साल मात्र नाही! कल्पना करा, दिवस ठाऊक आहे आणि वर्षाचा पत्ता नाही. डेटाशीटवर तारीख अर्धवट लिहिणाऱ्यांनी इथे थोडं थांबून विचार करावा.

पुढचा मुक्काम त्रोवस बंदरात. तिथून त्याने फिलदेल्फिया आणि स्मुर्णाच्या मंडळींना एकेक आणि पॉलिकार्पला स्वतंत्र, अशी तीन पत्रं लिहिली. पॉलिकार्पच्या पत्राचा शेवट घाईचा आहे. अचानक जहाजाने नियापुलिसला निघायचा हुकूम आला, सगळ्या मंडळींना लिहायला वेळ नाही, राहिलेल्यांना तूच लिही, असं तो सांगतो. यापुढे त्याचं स्वतःचं एकही अक्षर नाही.

पत्रांत आहे तरी काय?

रोमच्या पत्रातली मागणी आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. रोममधल्या ख्रिस्ती लोकांनी वशिला लावून आपल्याला सोडवू नये, अशी तो कळकळीने विनवणी करतो. आपण देवाचा गहू आहोत आणि जनावरांच्या दातांखाली दळले जाऊन शुद्ध भाकर होऊ, अशी उपमा तो देतो. कुणाला ही श्रद्धेची पराकाष्ठा वाटते, कुणाला मरणाची ओढ. तुम्ही स्वतः वाचून ठरवा.

बाकीच्या सहा पत्रांमध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली: मंडळीने एकत्र राहावं, आणि एकत्र राहायचं तर बिशपला धरून राहावं. एक बिशप, त्याच्याभोवती वडीलजनांची सभा, त्यांच्या मदतीला डीकन म्हणजे सेवक, अशी तीन पायऱ्यांची रचना इतक्या स्पष्टपणे त्याच्याआधी कुणी मांडलेली नाही. मॅग्नेशियाचा दामास वयाने लहान होता. त्याच्या तरुणपणाचा फायदा घेऊ नका, असं इग्नेशियस तिथल्या लोकांना बजावतो.

दुसरी: येशूचं शरीर म्हणजे नुसता भास होता असं शिकवणाऱ्यांना त्याचा कडक विरोध आहे. येशू खरोखर जन्मला, खरोखर जेवला, खरोखर मेला, यावर तो अडून बसतो. त्याचा युक्तिवाद सरळ आहे: ते दुःख जर दिखाऊ होतं, तर मी या बेड्या कशासाठी घातल्या आहेत?

स्मुर्णाच्या पत्रात त्याने चर्चला 'कॅथलिक', म्हणजे सार्वत्रिक, असं विशेषण लावलं. आज आपल्या हाती असलेल्या लेखनात चर्चसाठी हा शब्द पहिल्यांदा इथे सापडतो.

आणि एक न लिहिलेली गोष्ट. इतर सहा पत्रांत बिशप हा शब्द पावलोपावली येतो, पण रोमच्या पत्रात तो रोमच्या बिशपचा उल्लेखही करत नाही. त्या काळी रोममध्ये एकच बिशप असण्याची पद्धत अजून रुजली नसावी, असं बरेच अभ्यासक यावरून म्हणतात. नसलेला डेटाही काहीतरी सांगतो. फक्त त्यावर किती वजन टाकायचं, ते जपून ठरवावं लागतं.

सातांची तेरा कशी झाली?

आता खरी गंमत सुरू होते. युसेबियसने इग्नेशियसच्या पत्रांची यादी दिली आहे, कुठून लिहिलं आणि कुणाला लिहिलं यासकट. त्या यादीत पत्रं सात. पण सोळाव्या शतकात युरोपातल्या छापखान्यांतून जो संग्रह बाहेर पडला त्यात पत्रं तेरा! बारा इग्नेशियसची, आणि एक त्याला मारिया नावाच्या बाईने लिहिलेलं. शिवाय ओळखीची सात पत्रंही चांगलीच फुगलेली.

'प्रक्षिप्त' हा शब्द आपल्याला संतांच्या गाथांमुळे ठाऊक आहे. 'तुका म्हणे' लिहिलं की अभंग तुकोबांचा होत नाही, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. इथे तेच घडलं होतं. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात कुणीतरी इग्नेशियसच्या सात पत्रांमध्ये भर घातली आणि सहा नवी पत्रं रचली. चर्चमध्ये तेव्हा ख्रिस्ताच्या स्वरूपावरून जे मोठे वाद पेटले होते, त्यांतली भाषा अडीचशे वर्षांपूर्वीच्या हुतात्म्याच्या तोंडी घातली गेली. जुन्या, आदरणीय माणसाचं नाव लावलं की आपल्या मताला वजन येतं. आजच्या फॉरवर्ड केलेल्या मेसेजच्या खाली कुणा मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव असतं, त्यामागेही हेच गणित आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकात हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. प्रोटेस्टंट सुधारकांपैकी अनेकांना बिशपपदच नको होतं, आणि इग्नेशियस तर पानोपानी बिशपची बाजू घेणारा. जॉन कॅल्विनने या पत्रांना बनावट म्हणून झटकून टाकलं. इंग्लंडमध्ये १६४० च्या दशकात बिशप ठेवायचे की काढायचे यावरून देश पेटला होता. कवी जॉन मिल्टनने १६४१ मध्ये बिशपांविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि तीत इग्नेशियसच्या पत्रांच्या भरवशावर उभं राहणाऱ्यांची खिल्ली उडवली. म्हणजे एका बाजूला सगळी पत्रं हवी होती आणि दुसऱ्या बाजूला एकही नको होतं. अशा वेळी पुरावा तपासायला शांतपणे बसणार कोण?

अशरला काय खटकलं?

बसला तो जेम्स अशर, आयर्लंडमधल्या आर्माचा आर्चबिशप. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे नाव वेगळ्या कारणाने ऐकलेलं असतं. जगाची निर्मिती इ. स. पूर्व ४००४ मध्ये झाली, असं गणित मांडणारा तोच हा अशर. भूशास्त्राच्या वर्गात त्याच्यावर हमखास हशा पिकतो. मीही हसले आहे. त्यामुळे पुढची गोष्ट वाचली तेव्हा जरा ओशाळलेच.

युसेबियस आणि पाचव्या शतकातला थिओडोरेट यांनी इग्नेशियसची वाक्यं उद्धृत केली आहेत. ती वाक्यं छापील संग्रहाशी जुळत नाहीत, हे अशरच्या लक्षात आलं. एवढ्यावर इतरही थांबले असते. पण अशर मध्ययुगीन इंग्रज लेखकही वाचत होता: तेराव्या शतकातला लिंकनचा बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट आणि त्याच्यानंतरचे एक-दोन फ्रान्सिस्कन साधू. त्यांनी लॅटिनमध्ये दिलेली इग्नेशियसची अवतरणंही छापील संग्रहाशी जुळत नव्हती. मात्र ती युसेबियस आणि थिओडोरेट यांच्या अवतरणांशी जुळत होती!

इथे थांबून विचार करा, तुम्ही काय निष्कर्ष काढला असता? एकमेकांपासून आठ-नऊशे वर्षं दूर असलेले लेखक एकाच पद्धतीने 'चुकतात', तर ती चूक नसावी. अशरने तर्क केला की वाढवण्याआधीच्या संहितेचं एक लॅटिन भाषांतर इंग्लंडमध्ये असलं पाहिजे, आणि कदाचित अजूनही कुठल्यातरी ग्रंथालयात पडलेलं असेल.

मग त्याने शोध घेतला आणि एक नाही, दोन हस्तलिखितं सापडली. एक केंब्रिजच्या कीझ कॉलेजात, दुसरं बिशप रिचर्ड माँटेग्यू याच्या संग्रहात. (दुसरं पुढे हरवलं. मूळ नोंदींची बॅकअप प्रत ठेवा म्हणून गाईड ओरडतात, ते उगाच नाही.) भाषांतर इतकं शब्दाला शब्द ठेवून केलेलं होतं की लॅटिन म्हणून ते ओबडधोबड वाटावं. पण तोच त्याचा गुण ठरला, कारण त्यातून मूळ ग्रीक वाक्य कसं असेल हे दिसत होतं. हे भाषांतर बहुधा ग्रोसटेस्टच्याच देखरेखीखाली झालेलं.

१६४४ मध्ये ऑक्सफर्डहून अशरने ते प्रसिद्ध केलं आणि वाढीव मजकूर कुठला ते दाखवलं. भर घालणाऱ्याची लेखणी 'अपोस्टॉलिक कॉन्स्टिट्युशन्स' या चौथ्या शतकातल्या संकलनाशी मिळतीजुळती आहे, हेही त्याने नोंदवलं. लक्षात घ्या, अशर स्वतः आर्चबिशप होता. तेराच्या तेरा पत्रं खरी ठरली असती तर त्याच्या बाजूला हवंच होतं. तरी त्याने कात्री लावली.

अंदाज खरा ठरला

आपल्या भाषेत बोलायचं तर अशरने एक गृहीतक मांडलं होतं आणि त्यातून एक भाकीत निघत होतं: कुठेतरी याच छोट्या संहितेचं ग्रीक हस्तलिखित असणार. दोनच वर्षांनी, १६४६ मध्ये, आयझॅक व्होसियसने फ्लॉरेन्सच्या मेडिची ग्रंथालयातलं ग्रीक हस्तलिखित छापलं. ते अशरच्या लॅटिनशी जुळलं. त्यात रोमचं पत्र नव्हतं. ते पॅरिसच्या एका हस्तलिखितातून १६८९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे इजिप्तच्या वाळूतून पाचव्या शतकातला एक पपायरस मिळाला, आज तो बर्लिनमध्ये आहे. त्यात स्मुर्णाच्या पत्राचा भाग आहे आणि तोही याच छोट्या संहितेचा.

अशर सगळीकडे बरोबर होता असंही नाही. जेरोम या जुन्या विद्वानाने स्मुर्णाचं पत्र आणि पॉलिकार्पचं पत्र यांची गल्लत केली होती. त्यावर विसंबून अशरने पॉलिकार्पला लिहिलेलं पत्र खोटं ठरवलं आणि सातऐवजी सहाच पत्रं खरी मानली. दुय्यम साधनाच्या चुकीने मूळ साधन नाकारलं! ज्या पद्धतीने तो जिंकला, तीच एका जागी विसरला. मला हे वाचून धीर आला, खोटं कशाला बोलू.

मग तीनच का नकोत?

१८४५ मध्ये गोष्टीला पुन्हा कलाटणी मिळाली. इजिप्तच्या वाळवंटातल्या सीरियन मठातून ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितं आली होती. त्यांत विल्यम क्युरटनला सीरियाक भाषेत फक्त तीन पत्रं सापडली: पॉलिकार्पला, इफिसला आणि रोमला लिहिलेली, तीही आणखी आखूड. क्युरटन म्हणाला, हीच खरी, बाकी सगळी भर. 'छोटं ते जुनं' हा नियम एकदा यशस्वी झाला होता, म्हणून पुन्हा लावून पाहिला. अनेक मोठे विद्वान त्याच्या बाजूने गेले. जोसेफ बार्बर लाइटफूट हा त्यांपैकी एक.

१८७३ मध्ये जर्मनीच्या थिओडोर त्सानने सात पत्रांच्या बाजूने सविस्तर ग्रंथ लिहिला. ही तीन पत्रं म्हणजे सात पत्रांच्या सीरियाक भाषांतराचाच गाळीव सारांश असल्याचं दिसलं. लाइटफूटने सगळा पुरावा पुन्हा तपासला, मत बदललं, आणि १८८५ मध्ये आलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात आपण आधी क्युरटनच्या मताचे होतो हे प्रस्तावनेत उघड कबूल केलं. तेव्हापासून बहुसंख्य अभ्यासक सात पत्रं खरी धरतात.

प्रश्न पूर्ण मिटलाय का? नाही. ही पत्रं त्राजानच्या काळानंतरची, दुसऱ्या शतकाच्या मध्याची किंवा त्याहून उशिराची असावीत, असं मांडणारे अभ्यासक आजही आहेत. तारीख युसेबियसवर उभी आहे, आणि युसेबियस दोनशे वर्षांनंतरचा. म्हणून जाणकार 'त्राजानच्या काळात, किंवा थोडं नंतर' असं सावधपणे लिहितात. एरर बार म्हणतात तो हाच.

मागे काय उरलं?

इग्नेशियसच्या नावाभोवती दंतकथा पुष्कळ जमल्या. येशूने ज्या लहान मुलाला जवळ घेतलं ते मूल म्हणजे हाच, अशी एक. सम्राट त्राजानशी त्याची समोरासमोर झालेली खडाजंगी वर्णन करणारं हौतात्म्याचं आख्यान, ही दुसरी. ते शतकांनंतरचं आहे.

खरा वारसाही लहान नाही. बिशप, वडीलजन आणि डीकन ही रचना आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन अशा सर्व चर्चमध्ये आहे. कॅथलिक चर्च १७ ऑक्टोबरला त्याचा सण पाळतं, पूर्वेकडची चर्च २० डिसेंबरला. सीरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे अंत्युखियाचे पॅट्रिआर्क आजही 'इग्नेशियस' हे नाव धारण करतात. त्यांच्यापैकी इग्नेशियस एलियास तिसरे केरळच्या दौऱ्यावर असताना १९३२ मध्ये मंजिनिक्करा इथे वारले आणि तिथेच त्यांची समाधी आहे. आपल्याकडे गोव्यात, वसईत इग्नेशियस किंवा इनासियो ही नावं दिसतात ती बहुतेक सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलामुळे, जेझुइट संघाच्या संस्थापकामुळे. त्याचं बारशाचं नाव इनिगो. इग्नेशियस हे त्याने पुढे स्वीकारलं. या दोघांची गल्लत करू नका.

आता माझी गोष्ट

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. दुसऱ्या वर्षाच्या प्रगती सेमिनारमध्ये मी एका ऑक्साइडच्या बँड गॅपची किंमत आत्मविश्वासाने दाखवली. समोरून प्रश्न आला, "ही मोजली कुणी?" मी रिव्ह्यू पेपरचं नाव सांगितलं. "त्यांनी मोजली नाही, लिहिली. मोजली कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन माग काढला: रिव्ह्यूने जुन्या रिव्ह्यूचा हवाला दिलेला, त्याने आणखी एका पेपरचा, आणि मूळ पेपरमध्ये ती किंमत पातळ फिल्मची. मी वापरत होते पावडर. दोन महिन्यांची आकडेमोड पुन्हा करावी लागली. तो आकडा चार ठिकाणी पाहिला म्हणून मला पक्का वाटला होता. प्रत्यक्षात तो एकच आकडा चारदा उतरवलेला होता.

त्यामुळे तुम्हाला सांगेन ते एवढंच. चार संदर्भ सापडले तर ते एकमेकांवरून उतरवलेले आहेत की स्वतंत्र, हे आधी बघा. अवतरण मूळ ग्रंथाशी जुळत नसेल तर त्याला चूक म्हणून खोडू नका, वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा. अशरचं सगळं काम अशाच एका पानावरून सुरू झालं असणार. आणि आपल्या सोयीचा पुरावा हाती आला की तो दुप्पट तपासा.

शेवटी पुन्हा त्या कैद्याकडे. तो पुढे गेल्यावर फिलिप्पैच्या मंडळीने पॉलिकार्पकडे त्याची पत्रं मागितली. पॉलिकार्पने जवळ होती तेवढी पाठवली. ती टिकली त्याचं श्रेय या मागणीला आणि या पाठवण्याला जातं. त्याच सोबतच्या पत्रात पॉलिकार्प विचारतो की इग्नेशियस आणि त्याच्याबरोबरचे लोक यांच्याबद्दल तुम्हाला काही नक्की कळलं असेल तर कळवा. हे वाक्य फक्त लॅटिन भाषांतरात उरलं आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे आलेलं नाही. त्याच्या शेवटाचा एकही समकालीन साक्षीदार नाही. आहेत ती सात पत्रं, आणि तीही कुणीतरी न जुळणाऱ्या एका अवतरणाशी अडून बसला म्हणून त्याच्या स्वतःच्या शब्दांत.

तुमच्या विषयात असा 'चारदा उतरवलेला आकडा' सापडला असेल तर जरूर लिहून कळवा. पुढच्या लेखात संदर्भांचा माग उलट दिशेने कसा काढायचा, ते पायरीपायरीने बघू.